पट्टेवाली घोडी आणि मी

मी एक म्हातारी गोमाशी आहे. हसू नका, मित्रांनो! आमच्यात एक उन्हाळा पाहिला की म्हातारपण आलेच.

माझे बालपण तबेल्यामागच्या डबक्यात, काळ्या चिखलात गेले. तेव्हा मी साधी पांढरी अळी होते. एके सकाळी मला पंख फुटले, मोठ्ठे हिरवे डोळे आले, आणि काय सांगू, उडताना माझाच आवाज ऐकून मी दचकले! आमचे हे फुलांच्या रसावर खूश असत. पण पोटातली अंडी पोसायची तर मला रक्त हवेच होते.

तबेल्यात एक काळीभोर घोडी होती. माझ्या बहिणी तिला चावल्या की ती असा पाय झाडी, की तिची निगा राखणाऱ्या मोतद्दाराची पाण्याची बादली कोपऱ्यात जाऊन पडे.

"उद्याच ते डबकं बुजवतो!" तो ओरडला.

"बेडूक, चतुर, सगळेच गाडणार का?" त्याची बायको म्हणाली. "आधी माझं ऐका." आणि तिने पांढरी माती कालवून घोडीला अंगभर पट्टे ओढले.

मी झेपावले मात्र, डोळ्यांपुढे सगळे गरगरले! कुठे बसावे तेच कळेना. थेट भिंतीवर आपटले. पुन्हा गेले, तर बादलीत! घोडी आरामात गवत चघळत होती.

"आता एक माशी बसून दाखवू दे!" मोतद्दार कमरेवर हात ठेवून म्हणाला. त्याची पाठ माझ्याकडे होती. घामाने चिकटलेला काळा सदरा, एकही पट्टा नाही. वा!

"आई गं!" तो टुणकन उडाला. या वेळी बादली त्यानेच लाथाडली.

पोटभर रक्त मिळाले. अंडी पिकताच मी ती डबक्यावर झुकलेल्या लव्हाळ्याच्या पात्यावर घातली. तोच मोतद्दार फावडे घेऊन आला. माझे सारे गणगोत त्या एका पात्यावर होते!

मागून बायको आली. तिच्या हातात पांढऱ्या मातीचे भांडे होते.

"फावडं ठेवा खाली. पाठ करा इकडे."

"अगं, मी काय घोडा आहे?"

"घोडी तरी गप्प उभी राहते!"

मित्रांनो, आमचा राग आला तर खुशाल पट्टे ओढा, पण डबकी बुजवू नका. आज सकाळी माझी पिल्ले पात्यावरून टपाटप चिखलात उतरली. आणि काठावर पट्टेवाला मोतद्दार पट्टेवाल्या घोडीला पाणी पाजत होता.