बाकावरचा सात नंबर

गेलेल्या माणसाला जपणे हे पुण्यकर्म खरे; परंतु आपण जपतो आहोत तो तोच आहे काय, हे विचारण्याचे धैर्य शोकात क्वचितच उरते. प्रेम निर्मळ असूनही भलत्याच्या पायांशी वाहिले जाऊ शकते, आणि त्यात दोष कोणाचा, हे सांगणे कठीण.

शिंपीकाकांचे असेच झाले. मुलगा श्वासाच्या आजाराने गेला, त्याला नऊ वर्षे झाली. त्याच्या खोलीत जुना टीव्ही, व्हिडिओ गेम आणि बास्केटबॉलची एक ओरखडे पडलेली सीडी एवढेच मागे राहिले. काका रोज दुपारी दुकान बंद करून, जेवून, तासभर खेळत. बंद दाराआडून लाकडी मैदानावरची बुटांची करकर घरभर ऐकू येई. काकू त्या तासात तिकडे फिरकत नसत. "तो घरात आहेसं वाटतं," एवढेच म्हणत.

जावयाने एकदा नवा खेळ आणून दिला. दोन दिवसांत काकांनी तो परत केला. "चकचकीत आहे हो जावईबापू, पण यातले सगळे उडतात. कुणाला धाप म्हणून लागत नाही." जुन्या खेळात माणूस दमे. धावून आला की गुडघ्यांवर हात टेकून उभा राही, दमला की नेम चुके, घोटा मुरगळला तर पुढचे चार सामने लंगडे.

मुलाने त्यात दोन खेळाडू स्वतः घडवले होते, अकरा नंबर आणि सात नंबर. पहिल्याच दिवशी पाठमोरा अकरा पाहून काका पडद्याजवळ सरकले. बोटभर उतरलेला डावा खांदा, पाऊल टाकण्याआधीची किंचित थबक, लवकर लागणारी धाप. इतके ओळखीचे शरीर परके कसे असेल? मुलगा पंधराव्या वर्षी तयार कपडे घालू लागला, त्यावरून बापलेकांत बोलाचाली झाली, आणि तेव्हापासून काकांची टेप त्याच्या अंगाला लागली नव्हती. शेवटच्या महिन्यांतली धाप तेवढी कानांत राहिली होती. अकराच आपला मुलगा, असे त्यांनी ठरवून टाकले. त्याला धाप लागली की खेळ थांबवून म्हणत, "बस जरा, घाई नाही."

सात नंबर नऊ वर्षे बाकावर होता. खेळ थांबला की खांद्यावर टॉवेल घेतलेला तो पडद्यातून थेट खोलीत पाहतो आहे, असा काकांना भास होई. ते नजर वळवीत.

एका दुपारी माहेरी आलेली धाकटी लेक दारात उभी राहून पाहत होती.

"बाबा, दादाला का बसवून ठेवलंय?"

"बसवलंय कुठे? हा काय धावतोय."

"हा अकरा? बाबा, हे तुम्ही आहात."

काका हसले. "काहीतरीच तुझं. मी कधी अर्ध्या चड्डीत धावलोय?"

"खरंच सांगते. तुम्हाला घडवायला त्याला आठवडा लागला. खांदा किती उतरवायचा ते बघायला दुकानाच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. मशीनवर वाकून वाकून झालाय, म्हणायचा. स्वतःला मात्र पाच मिनिटांत उरकलं. तो सात."

काकांनी खेळ थांबवला. हजारो पाठींवर त्यांनी टेप धरली होती. स्वतःची पाठ कधी पाहिली नव्हती.

"म्हणजे नऊ वर्षं मी..."

"आता तरी उतरवा त्याला."

काकांनी बटण दाबले. सात उठला, टॉवेल टाकून मैदानात आला. काकांच्या हाती अकरा होता; सात आपला आपण खेळत होता. त्याच्या हाती चेंडू आला, समोर बास्केट मोकळी होती. त्याने वळून चेंडू अकराला दिला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"असं का करतो गं हा?"

"दादानं तसंच लावून ठेवलंय. चेंडू आधी बाबांना."

करकर ऐकत काकू केव्हा आत आल्या, कोणाला कळले नाही. "कोणता गं आपला?" त्यांनी हळूच विचारले. लेकीने पडद्यावर बोट ठेवले.

काकांनी चेंडू सातकडे टाकला. "तूच टाक, बाळा. मी आहे इथं." सात क्षणभर थांबला, मग त्याने उडी घेतली. चेंडू बास्केटच्या कडीला लागून बाहेर आला.

"असू दे," काका म्हणाले. "सवय गेलीय त्याची. माझ्यामुळे." आणि पुन्हा चेंडू त्याच्याकडे दिला.

त्या खोलीतल्या तिघांना आणि पडद्यापलीकडच्या त्या दोघांना शांती लाभो. काळाने त्यांच्या सामन्याला थोडा अधिक अवधी द्यावा.