पहिलीतल्या दोन मुली

१९९६ सालची गोष्ट. दिल्लीत मयूर विहारमध्ये राहणारी लतिका शाळांच्या पाहणीचं काम करायची. नोएडाच्या पलीकडच्या एका गावातली सरकारी शाळा तिच्या वाट्याला आली. गावच्या अर्ध्या शेतांत सेक्टरच्या इमारती उभ्या राहत होत्या.

हेडमास्तर द्वारका प्रसादांनी हजेरीपट पुढे ठेवला. पाचवीत बारा मुलगे, अकरा मुली. तिसरीत तेरा आणि सात. पहिलीत पंधरा मुलगे आणि दोन मुली.

"छोट्या मुली प्रायव्हेट शाळेत जातात का?" लतिकाने हिंदीत विचारलं.

"प्रायव्हेट में तो लड़के जाते हैं, मॅडमजी." त्यांनी पट मिटला. "चाय लेंगी?"

चहा न घेता ती गावात निघाली. शाळेत न घातलेल्या मुलींची नावं लिहून घेऊ, असं तिला वाटलं. पण अंगणांत खेळणारे मुलगेच मुलगे बघत ती गल्ल्यांमागून गल्ल्या चालली आणि तिची पावलं मंदावली. वही कोरीच राहिली.

एका ओट्यावर म्हातारी बसली होती. तिला सहा नातू होते.

"नात नाही एकही?"

"पहले दिल्ली जाना पड़ता था," म्हातारी समाधानाने म्हणाली. "अब जमीन का पैसा आया, तो डाक्टर खुद गाड़ी में मशीन लेकर आता है. हर हफ्ते, जुमेरात को." मग तिची नजर लतिकाच्या पोटावर गेली. "चौथा महीना लगा है ना? आज ही आएगा. दिखा ले, बेटी."

लतिका जवळजवळ पळतच बसस्टॉपवर आली.

अहवालात तिने दोन पानं भरून हे सगळं लिहिलं. साहेबांनी त्या दोन पानांवर काट मारली. "पटावर असलेल्या मुलांची संख्या मागितली आहे. न जन्मलेल्यांची नाही."

त्या संध्याकाळी ती हे सगळं नवऱ्याला, परीक्षितला सांगत होती. तो ऐकत होता, अधूनमधून "बापरे" म्हणत होता. तिच्या सासूबाई विजयाताई ताटं घेत होत्या. पुण्यात पंचवीस वर्षं शिक्षिका होत्या त्या.

"खेड्यातली माणसं, दुसरं काय," त्या म्हणाल्या. वरण वाढून झाल्यावर सहज बोलल्या, "बाकी आपल्या सोसायटीतल्या देवयानीचा डॉक्टर चांगला आहे हं. स्वच्छ दवाखाना आहे. बोलतही नाही कुणाकडे."

"कशाबद्दल?" लतिकाने विचारलं.

विजयाताई हसल्या. "अगं, एकदा दाखवून यायला काय हरकत आहे?"

लतिकाने नवऱ्याकडे पाहिलं. परीक्षित खाली मान घालून भात कालवत राहिला.