पोट नसलेले कामकरी

तिमालेतीची जीभ फिजीतल्या अख्ख्या कंडावू बेटाला ठाऊक होती, पण त्या गुरुवारी ती सकाळपासून गप्प होती. उद्याच्या बोटीनं भाचीचं यंत्र राजधानीला, सुवाला, परत पाठवायचं, असं गावात जवळजवळ ठरलंच होतं. दुपारच्या सभेत फक्त होकार द्यायचा बाकी होता.

तिच्या भावाची मुलगी अकानिसी. सुवाच्या विद्यापीठातून ती हे यंत्र घेऊन गावात आली होती. एक टाकी, दोनचार नळ्या आणि त्यातून निघणाऱ्या विजेवर चालणारं बर्फाचं मशीन. तावियोकाचा, म्हणजे साबुदाण्याचा, कंद किसून टाकीत घालायचा, आतली विकरं त्यातून हायड्रोजन काढणार, हायड्रोजनची वीज होणार आणि विजेचा बर्फ.

"विकरं म्हणजे जंतूच ना गं?" तिमालेतीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"नाही आत्या. जंतू आधी आपलं पोट भरतात, पोरंबाळं वाढवतात, उरलंसुरलं आपल्याला देतात. मी त्यांच्यातले नुसते कामकरी तेवढे बाहेर काढून आणलेत. जीव नाही, पोट नाही. एकानं तोडायचं, पुढच्याच्या हातात द्यायचं, पुढच्यानं त्याच्या पुढच्याच्या. तेवढ्याच कंदातून जंतूंपेक्षा कितीतरी जास्त हायड्रोजन मिळतो."

"खात नाहीत, झोपत नाहीत, रुसत नाहीत! अगं, असा नवरा मिळाला असता तर!"

आणि खरंच, काय राबले ते! घराघरातून पाळीनं कंद यायचा आणि मशीनमधून खळाखळा बर्फ पडायचा. आधी मासे बोटीची वाट पाहत नासायचे, ते आता ताजेतवाने सुवाला जाऊ लागले. भाचीकडे बघताना तिमालेतीचा ऊर नुसता भरून यायचा. भर सभेत उठून तिनंच तर या पोरीची हमी घेतली होती.

मग कामकरी अचानक थंड पडले. अकानिसीनं नवी पूड घातली, पुन्हा चालू झाले, पुन्हा पडले. आता शेवटची एकच पुडी उरली होती. जनरेटरसाठी डिझेलची पिंपं आणून विकणारा पेथेली तर खुशीत गाजरं खात होता. तो तिमालेतीचा मामेभाऊ, म्हणजे तिथल्या रीतीनं थट्टा करायचा त्याला जन्मजात हक्क.

"काय तिमालेती, तुझ्या त्या बिनपोटाच्या जावयांना अजीर्ण झालं वाटतं!"

गुरुवारी जेवायला तिमालेतीनं नारळाच्या दुधात ऑक्टोपस केला होता. अकानिसी मान खाली घालून चिवडत होती. एक घास तोंडात गेला आणि ती म्हणाली, "किती मऊ झालाय गं. काय लावलंस?"

"कच्ची पपई. किसून चोळली की चिवटातलं चिवट मांस विरघळतं. तुझ्या आजीची रीत."

अकानिसीचा हात तिथंच थांबला. "कुठल्या किसणीवर?"

"आहेच किती किसण्या माझ्याकडे? तावियोकाचीच की..." बोलता बोलता तिमालेती अडखळली. किसणीच्या भोकांत पपईचा चीक वाळून बसायचा, हे तिला माहीत होतं. आणि दोन्ही वेळा पाळी तिच्याच घरची होती.

"आत्या, माझी विकरं म्हणजे प्रथिनंच. मांसासारखीच."

"अगं बाई! म्हणजे तुझे कामकरी मी मारले?"

"कुणाला सांगायचं नाही. जन्मभर चिडवतील तुला. मी सांगते माझंच चुकलं म्हणून."

"शहाणीच आहेस! म्हणजे यंत्रही जाणार आणि तुझं नावही जाणार."

पण पोरगी हट्टी. सभागृहात चटईवर बसून तिनं सांगून टाकलं, "पूड बनवताना माझ्याकडून चूक झाली."

"मग उद्या बोटीत चढव," पेथेली म्हणाला. दोघाचौघांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात तिमालेती दारातून आत आली, गुडघ्यांवर सरकत, ज्यांचं मानाचं पेय करतात त्या यांगोनाच्या मुळांची जुडी हातात घेऊन. ती जुडी कशासाठी आणतात, हे तिथल्या लहान पोरालाही कळतं. तिनं ती गावप्रमुख इसोआ यांच्यापुढे ठेवली.

"पोरीनं काही चुकवलं नाही. माझ्या किसणीची पपई त्या टाकीत गेली. टाकी बंद पडली ती माझ्यामुळं. गावाची माफी मागते."

इसोआंनी जुडी उचलली आणि रीतीप्रमाणे हातांची ओंजळ करून टाळ्या वाजवल्या. "माफी घेतली. गोष्ट इथंच पुरली." सगळ्या सभेनं तशाच टाळ्या वाजवल्या.

"ते ठीक," पेथेली म्हणाला, "पण यंत्र दोनदा बंद..."

"काय बंद?" इसोआंनी भुवया उचलल्या. "आत्ता पुरलेलं उकरतोस काय रे?"

सभा खो खो हसली. माफी घेतलेली गोष्ट पुन्हा काढायची नाही, आणि ती काढल्याशिवाय यंत्राविरुद्ध बोलायला पेथेलीकडे दुसरं होतंच काय?

"माफी मागायला आलीस का डाव टाकायला?" तो कुजबुजला.

"दोन्ही," तिमालेती म्हणाली आणि खांद्यालाच डोळे पुसले.

त्याच संध्याकाळी अकानिसीनं टाकी धुतली आणि दुसऱ्या घरच्या किसणीवरचा कंद घेऊन शेवटची पुडी घातली. शुक्रवारी बोट आली आणि यंत्र न घेताच गेली. गेली ती बर्फातले मासे घेऊन, आणि सगळ्यात वरची पेटी पेथेलीची होती.

बोट दिसेनाशी झाल्यावर तिमालेतीनं यांगोनाचं एक छोटं मूळ टाकीपाशी ठेवलं.

"आत्या, त्यांना जीव नाही गं," अकानिसी हसली.

"ठाऊक आहे. माझ्यासाठी राबत होते आणि मीच त्यांना मारलं. जीव नाही म्हणून माफीसुद्धा मागायची नाही होय?"

अकानिसी आत्याशेजारी बसली आणि तिनं हलकेच ओंजळीनं टाळ्या वाजवल्या.