बटणांच्या डब्यावरचा कॅमेरा

मी एक जुना, स्वस्तातला कॅमेरा आहे. ‘स्वस्तातला’ हा शब्द मी मुद्दाम आधीच सांगून टाकला, मित्रांनो, म्हणजे मागाहून कुणी कुजबुजायला नको. माझा रुपेरी रंग कोपऱ्यांवर उडालाय. भिंगापुढची झापड कधी कधी अर्धीच उघडते आणि तिला नखानं ढकलावं लागतं. आहे मी असा. पण मला ‘बिचारा’ म्हणू नका. त्या शब्दाचा मला राग येतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका मुलीनं चिमट्यानं माझं भिंग बसवलं, दुसरीनं स्क्रू पिळले. शेवटी तपासणाऱ्या बाईनं माझ्याकडून चौकटीच्या कागदाचा एक फोटो काढून घेतला. रेघा सरळ आल्यात हे पाहून ती “हं” म्हणाली आणि मला खोक्यात टाकलं. आयुष्यातलं पहिलं कौतुक म्हणजे ते “हं”. पण ते मी विसरलेलो नाही. सरळ रेघ मी सरळच दाखवतो.

मग दुकान. तिथं कपाटाच्या वरच्या फळीवर मोठे काळे कॅमेरे बसायचे, लांब नाकांचे. त्यांच्यावर दिवे सोडलेले असायचे. मी सगळ्यांत खालच्या फळीवर, गिऱ्हाइकांच्या गुडघ्यांशी. किती गुडघे आले आणि गेले! कुणी वाकलंच नाही.

वाकली ती एक शिवणकाम करणारी आई. वाकली, कारण कडेवरच्या मुलीचा बूट खाली पडला होता. बूट उचलता उचलता तिची नजर माझ्यावर पडली.

तिच्याबरोबर तिचा दीर होता. त्याच्या गळ्यात मोठा कॅमेरा असायचा आणि बोलण्यात त्याहून मोठा. “वहिनी, ते काय बघताय? ते खेळणं आहे. वर बघा, वर!”

दुकानदारानं वरचा एक काळा कॅमेरा काढून तिच्या हातात दिला. तिनं त्यातून दुकानाच्या जमिनीचा फोटो काढला.

“ताई, फरशीचा फोटो काय काढता? बाळाचा काढा!”

“मला फरशीच बघायचीय,” ती म्हणाली. “ही जवळची स्पष्ट आलीय. ती लांबची का पुसट?”

“अहो, तीच तर मजा! मागचं धूसर येतं. त्याचेच तर पैसे पडतात.”

“मग मला धूसर नको असेल, तर तेवढे पैसे वाचतील ना?”

दीर खोकला. दुकानदार म्हणाला, “तसं यातही सगळं स्पष्ट येतं. हे चाक फिरवायचं, मग हे बटण दाबून ते चाक...”

“माझा एकच हात मोकळा असतो.”

आणि तिनं मला उचललं, एका हातानं. अंगठ्यानं चालू केलं आणि पुन्हा तीच जमीन टिपली. पुढची फरशी स्पष्ट, मागची स्पष्ट, पार दारातल्या पायपुसण्यापर्यंत सगळं स्पष्ट. माझं भिंग लहान, माझ्या पोटातली काचही लहान, त्यामुळे धूसर करणं मला जमतच नाही. दुकानात सगळे याला माझा दोष म्हणायचे. ती म्हणाली, “हाच द्या.”

फरशीचं हे काय खूळ, असं तुम्हालाही वाटलं असेल. त्याचं कारण मला घरी गेल्यावर कळलं.

कडेवरची मुलगी म्हणजे भिंगरी. हे नाव तिच्या आजोबांनी ठेवलेलं. जन्मली तेव्हा तिचं उजवं पाऊल आत वळलेलं होतं, टाच वर उचललेली. दर आठवड्याला नवं प्लास्टर घालून डॉक्टरबाईंनी ते सरळ केलं. मग झोपताना घालायचे बूट दिले, मध्ये पट्टी जोडलेले. आणि बजावलं, “चार-पाच वर्षं लक्ष ठेवा. पाऊल पुन्हा वळू शकतं. लवकर कळलं तर प्लास्टरवर भागेल. उशीर झाला तर ऑपरेशन.”

“पण कळणार कसं?” आईनं विचारलं होतं. “रोज डोळ्यांसमोर असलेलं बदलताना दिसतंच नाही हो.”

त्यासाठी मी आलो होतो.

स्वयंपाकघरात खिडकीजवळ एक फरशी होती, कोपरा उडालेली. दर रविवारी सकाळी आई भिंगरीला त्या फरशीवर उभी करायची. टाच एका रेघेवर, अंगठा समोरच्या रेघेकडे. शिवणकामाच्या बटणांचा चपटा डबा जमिनीवर ठेवायची आणि डब्यावर मला. एका हातानं भिंगरीचा गुडघा धरायचा, दुसऱ्यानं माझं बटण दाबायचं. “हलू नकोस गं, माझे आई!” आणि टिक्. मी जमिनीला नाक लावून तो पाय बघायचो. इतक्या खालून जग बघणारा कॅमेरा मी एकटाच असेन.

आता माझ्या सेलची गोष्ट. घरात चार्ज होणारे दोनच चांगले सेल होते आणि ते आजोबांच्या रेडिओत असायचे. रविवारी आई ते काढायची की आतून आवाज यायचा, “अगं, बातम्या चालू आहेत!”

“पाचच मिनिटं, बाबा.”

“तुझ्या पाच मिनिटांत तिकडं सरकारं पडतात!”

“पडली तर पुढच्या बातम्यांत सांगतील की!”

फोटो झाला की सेल परत रेडिओत. इथंच एक घोळ होता. सेल काढले की माझी तारीख पुसली जाते. पुढच्या रविवारी मी विचारायचो, आज तारीख काय? पण भिंगरी वळवळत असायची. मग आई घाईघाईनं ‘ठीक’ दाबून टाकायची. त्यामुळे माझ्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी अक्षरांत एकच तारीख पडली, एक जानेवारी. दोन वर्षं त्या घरात दर रविवारी एक जानेवारी उगवत होती.

दीर यायचा तेव्हा पोट धरून हसायचा. “वहिनी, तुमच्या खेळण्याला कॅलेंडर घेऊन द्या!” मग तो गुडघ्यावर बसून आपल्या मोठ्या कॅमेऱ्यातून भिंगरीच्या पावलाचा फोटो काढायचा. फोटो सुरेखच यायचा, खोटं का बोलू? इवली बोटं, त्यावर ऊन, आणि मागची टाच धुक्यात विरघळलेली.

मग घरात नवा फोन आला. सगळे फोटो त्यात. भिंगरीचं पळणं, हसणं, आजोबांची झोप, सगळं. मी बटणांच्या डब्यासकट शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये गेलो. ‘पुढच्या रविवारी काढू’ असं आई दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणालीच नाही. तिला दोष देत नाही मी. पडद्यांची कामं होती, घर होतं, पोर होती आणि दिवसाला तास तेवढेच. पण ड्रॉवरमध्ये पडून मी रडतकुढत बसलो होतो असं समजू नका. माझ्या पोटात शंभरावर रविवार होते, एकामागून एक नीट लावलेले. ज्याच्या पोटात एवढं आहे तो रिकामा नसतो.

चार महिने गेले. एके दिवशी आईला भिंगरीचा बूट वेगळाच झिजलेला दिसला. उजवा, फक्त पुढच्या बाजूनं. तिनं नवऱ्याला दाखवला. “पळते केवढी,” तो म्हणाला. आजोबा म्हणाले, “भिंगरीच ती, झिजणारच.” दिरानं आपले जुने फोटो काढून दाखवले. “बघा, कसलं छान पाऊल आहे!” टाच मात्र एकाही फोटोत दिसेना. फोनमध्ये पाहिलं, तर भिंगरी प्रत्येक फोटोत पळत होती.

आई तिला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेली. बाहेर रांग, आत भिंगरीची रडारड. डॉक्टरबाईंनी आक्रसलेलं पाऊल चाचपलं. “तसं ठीक वाटतंय. तुम्ही फार काळजी करता. सहा महिन्यांनी या.”

फार काळजी करता! मित्रांनो, हे वाक्य आयांना किती सहज फेकून मारतात!

घरी येऊन तिनं ड्रॉवर उघडला. आजोबा काही बोलायच्या आत रेडिओ उघडला. माझी झापड अर्धीच उघडली, तिनं नखानं ढकलली. उडालेल्या कोपऱ्याची फरशी, बटणांचा डबा, रेघेवर टाच. टिक्.

फोटोत भिंगरीच्या टाचेखाली उजेडाची एक रेघ होती. खिडकीतलं ऊन टाचेच्या खालून आरपार माझ्यापर्यंत येत होतं. टाच जमिनीला टेकतच नव्हती.

आई माझी मागची बटणं दाबत गेली. मागच्या वर्षीचे फोटो: टाच घट्ट टेकलेली, खाली काळोख. मग पुढं, पुढं. ड्रॉवरमध्ये जाण्यापूर्वीचे माझे शेवटचे तीन रविवार. त्यांतही ती रेघ होती. केसाएवढी बारीक, पण होती.

तिनं ते तीन फोटो पुन्हा बघितले. “मी काढत गेले,” ती म्हणाली, “बघितलंच नाही.”

मी दाखवलं होतं. पण ड्रॉवरमधून ओरडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी भिंगरीला आणि मला घेऊन ती बोलावणं नसताना दवाखान्यात गेली. दारातल्या बाईनं हटकलं, “कालच आला होतात ना?”

“आजही आलेय. आत सोडा, नाहीतर इथंच बसते.”

डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. आईनं माझ्यातलं कार्ड त्यांच्या कॉम्प्युटरला लावायला दिलं. पडद्यावर पावलंच पावलं.

“हे काय? सगळ्यांवर एकच तारीख?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हे कधीचे, कशानंतर कुठला, मी कसं समजायचं?”

आईचे कान लाल झाले. “आमच्या बाबांचा रेडिओ...” ती सुरू झाली. तिनं रेडिओ, सेल, बातम्या, पडणारी सरकारं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरबाईंना हसू आवरेना. पण आई हसली नाही.

“तारखा खोट्या आहेत,” ती म्हणाली. “आकडे खोटे नाहीत. प्रत्येक फोटोला कॅमेरा आपला आकडा देतो. सेल काढा, घाला, तो पुढंच जातो. आकड्यानं लावा. आणि फरशीकडं बघा. फरशी तीच आहे. कोपरा तोच आहे. काल तुम्ही पाऊल हातात धरलंत तेव्हा ती रडत होती. इथं ती आपली आपण उभी आहे. आधी हे बघा, मग म्हणा मी काळजी करते.”

डॉक्टरबाईंचं हसू थांबलं. त्यांनी आकड्यानं फोटो लावले. एकेक करत पुढं गेल्या. शेवटच्या तीनपाशी थांबल्या, परत मागं आल्या. मग पडद्याला पट्टी लावून फरशीच्या रेघेपासून टाच किती वर आलीय ते मोजलं. माझ्या सरळ रेघेपासून, बरं का!

“भिंगरीला इकडं आणा,” त्या म्हणाल्या, “उभी करा.” आणि त्या स्वतः, पांढऱ्या कोटासकट, जमिनीवर आडव्या झाल्या. माझ्या उंचीवर. तिथून त्यांना ती रेघ दिसली.

“काल मी चुकले,” उठताना त्या म्हणाल्या. “बरं झालं आलात. अजून प्लास्टरवर भागेल.”

ऑपरेशन लागलं नाही. सहा आठवडे प्लास्टर लागलं. आजोबांनी त्यावर रेडिओचं चित्र काढलं, त्याला कान फुटल्यासारखं दिसत होतं. दीर एकदा आला आणि माझ्यापाशी वाकला. मग मला उचलून म्हणाला, “वहिनी, याची झापड मी दुरुस्त करू का?”

“नको,” आई म्हणाली. “तुम्ही उघडलात तर परत लागायची नाही.”

तर मित्रांनो, आता ‘वरच्या फळीवरचा घेऊ की खालचा?’ असं मला विचाराल, तर मी एवढंच म्हणेन: आधी ठरवा, तुम्हाला काय बघायचंय. मग जो तेवढं दाखवील तो घ्या, आणि तो कुठल्या फळीवर होता हे कुणी विचारलं तर मान खाली घालू नका. मला मखमली पिशवीत जपून ठेवू नका. मला वापरा, खरचटू द्या. आणि काढलेलं बघा. न बघितलेला फोटो ड्रॉवरमध्येच असतो, मग कॅमेरा कितीही मोठा असो.

भिंगरी आता सात वर्षांची आहे. दोन्ही टाचा टेकवून उभी राहते आणि दोन्ही उचलून उड्या मारते. परवाच्या रविवारी तिनं स्वतःच ड्रॉवर उघडला, डबा ठेवला, मला वर बसवलं.

“आई, तू उभी राहा.”

“माझं काय बघायचंय? काम पडलंय गं.”

“मशीनवरून उठलीस की तू हा पाय उचलून धरतेस. मी बघितलंय. ये इकडं, रेघेवर.”

आई उडालेल्या कोपऱ्याच्या फरशीवर येऊन उभी राहिली. दिवसभर मशीनचं पायडल मारून सुजलेलं ते पाऊल. तिच्या टाचेला किती भेगा होत्या! मी त्या सगळ्या मोजल्या. एकही धूसर करणार नाही मी.

“अगं, माझ्या बातम्या!” आतून आजोबा ओरडले.

“पाचच मिनिटं, आजोबा,” भिंगरी म्हणाली आणि आईचा गुडघा घट्ट धरला. “हलू नकोस गं, माझे आई!”

टिक्.

एक जानेवारी.