गोळा फुटत नाही

"त्रिलोकेकरांच्या घरात गोळा फुटत नाही," मनमोहन म्हणाले आणि उकळत्या आमटीत हरभऱ्याच्या डाळीचा पहिला गोळा सोडला.

गोळा फुटला.

नुसता फुटला नाही. तळाला गेला, एक डुबकी मारली आणि चुरा होऊन टोपभर पसरला. राजेश परबने टोपात बघितलं, मग मनमोहनांकडे, मग परत टोपात.

"पहिला फुटावाच लागतो," मनमोहन म्हणाले. "आमटीला दाटपणा येतो."

"हां," राजेश म्हणाला.

दुसरा फुटला. तिसराही फुटला. आमटी फारच दाट व्हायला लागली.

लालबागच्या त्या गल्लीत राजेशची खानावळ होती. अकरा महिने बांगडा, सुरमई, तिसऱ्या आणि श्रावणात कुलूप. गटारीच्या रात्री शटर ओढायचं आणि गावाला जायचं, हा बापापासूनचा रिवाज. यंदा त्याच्या डोक्यात आलं की गावाला न जाता महिनाभर शाकाहारी चालवून बघू. पण आमटी म्हटली की तिच्यात कोळंबी असते, एवढंच त्याला माहीत. म्हणून तो जाणकार माणूस शोधायला दादरला गेला, आणि दादरला जाणकार माणूस शोधायला गेलं की तो आधीच भाषण करत असतो.

मनमोहन त्रिलोकेकर तेव्हा एका सभागृहात 'विस्मृतीत गेलेल्या आमट्या' या विषयावर बोलत होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते बोलतच होते. गिरगावातलं मूळ घर, आजीचा हात, पितळी टोप असं सगळं त्या भाषणात असायचं, नसायचा तो फक्त गॅस. गॅसशी त्यांचा संबंध सिलिंडरचा नंबर लावण्यापुरता. घरी स्वयंपाक त्यांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई करायच्या आणि मनमोहन जेवताना त्यात काय कमी पडलंय ते सांगायचे. यालाच ते अभ्यास म्हणत. डोळे मिटून एक घास घेतला की भांडं कुठलं, पाणी कुठलं, हात कोणाचा ते आपण सांगू शकतो, असं ते भाषणाच्या शेवटी सांगत आणि लोक टाळ्या वाजवत, कारण त्यानंतर चहा असे.

राजेशकडे त्यांनी मानधन मागितलं नाही. फळा मागितला. दारावर 'मनमोहन पंगत' एवढंच लिहायचं, सागवानी लाकडावर, पितळेच्या अक्षरांत. ज्याला पैशाचा मोह नाही त्याला नावाचा असतो, आणि तो जास्त महागात पडतो. राजेशने फळा करून जुन्या फळ्याच्या जागी ठोकला, वर कापड गुंडाळलं आणि सुतळीनं आवळून टाकला.

"काका, पहिल्या दिवशी गल्ली जेवू दे," तो म्हणाला. "गल्लीनं तोंड वाकडं केलं तर फळा उतरवणार. मग राग नको."

मनमोहन हसले. लालबागच्या लोकांनी आपल्या आमटीची परीक्षा घ्यायची, या कल्पनेचं त्यांना हसू आलं. कापड गुंडाळायच्या आधीच त्यांनी फळ्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता, त्यामुळे नंतर ते जरा कमी हसले.

मुहूर्त त्यांनीच काढला. नागपंचमीचा. आणि नागपंचमी म्हणजे चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. हे लालबागला कोणी शिकवायची गरज नव्हती, तिथल्या घरोघरी पाळतात. पण मनमोहन पाळणाऱ्यातले नव्हते, पाळायला लावणाऱ्यातले होते. सकाळी आल्या आल्या त्यांनी सुऱ्या, विळ्या, खवणी, कात्री सगळं गोळा केलं, माशांच्या रिकाम्या फ्रीझरमध्ये ठेवलं आणि कुलूप लावून किल्ली झब्ब्याच्या खिशात टाकली. मग त्यांची नजर मिक्सरवर गेली.

"याला पातं असतं," ते म्हणाले.

मिक्सरचं भांडंही फ्रीझरमध्ये गेलं.

राहिली भिजवलेली डाळ. ती वाटायची कशानं? मनमोहनांनी पाटा-वरवंटा मागितला. राजेशची आई शेवंतीबाई कोपऱ्यात स्टुलावर बसून मोबाइलवर मालिका बघत होत्या. मुलाने कोणीतरी साहेब आणलाय आणि आज आपण काही करायचं नाही, एवढं त्यांना समजलं होतं, आणि ते त्यांना पटलंही होतं.

"पाटो नाय," त्या मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाल्या. "दगडी खलबत्तो आसा. तो चलात?"

मनमोहनांचा चेहरा उजळला. दगडी खलबत्ता. काळा, घोटून घोटून आतून गुळगुळीत झालेला, दोन माणसांनी उचलावा असा. त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला, फोटो काढला आणि मिक्सरनं डाळीचा आत्मा कसा जातो त्यावर राजेशला चार वाक्यं ऐकवली. शेवंतीबाईंनी खलबत्ता साबणानं धुऊन दिला आणि परत मालिकेत गेल्या. डाळ राजेशनेच कुटली. मनमोहन शेजारी उभं राहून परंपरा सांगत होते. कुटलेली डाळ ओबडधोबड आणि पाणचट झाली, म्हणून तर गोळे फुटत होते.

तिसरा गोळा फुटल्यावर राजेश म्हणाला, "बेसन टाकू काय थोडं?"

"मी तेच म्हणणार होतो," मनमोहन म्हणाले.

बेसनाची पिशवी कात्रीनं उघडायची सोय नव्हती. मनमोहनांनी ती दातांनी फोडली. पिशवी फुटली ती एकदम, उभी, आणि अर्धं बेसन त्यांच्या चष्म्यावर, मिशीवर आणि खास या दिवसासाठी शिवलेल्या झब्ब्यावर बसलं. शेवंतीबाईंनी पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला, नीट बघून घेतलं आणि परत उचलला.

उरलेल्या बेसनानं मात्र काम केलं. पुढचे गोळे टोपात तरंगले, फुगले आणि शहाण्यासारखे एका बाजूला जाऊन राहिले. वर कढीपत्ता-हिंगाची फोडणी पडली, चिंच-गूळ पडला. राजेशने चव बघायला पळी उचलली तर मनमोहनांनी त्याच्या मनगटावर चापट मारली. नैवेद्याआधी चव बघायची नसते. त्याऐवजी ते स्वतः टोपावर वाकले आणि वाफ छातीत भरून घेतली. कुठेतरी खोल, ओळखीचं काहीतरी हललं. लहानपणचं, गिरगावचं.

"वास घे," ते राजेशला म्हणाले. "हे मिक्सरमध्ये येत नाही."

राजेशने वास घेतला. त्याला काही विशेष वाटलं नाही. त्याच्या खानावळीला असाच वास यायचा.

अकरा वाजेपर्यंत राजलक्ष्मीबाई दादरहून पुरणाचे दिंड घेऊन आल्या, घरून उकडून, डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून. नागोबाला दूध-लाह्या आणि दिंडांचा नैवेद्य झाला. नवऱ्याच्या मिशीतलं बेसन त्यांनी पाहिलं आणि डबा आत नेऊन ठेवला. त्या बोलणं वाचवून ठेवणाऱ्या बाई होत्या.

गल्ली जेवायला बसली. पहिल्या पानावर शामराव. शामराव गिरणीत जॉबर होते, कामगारांवर हुकूम सोडणारे. गिरणी गेली, आवाज राहिला. त्यांनी एखाद्या हॉटेलला नाक मुरडलं की गल्लीतल्या लोकांच्या पोटात आपोआप दुखायला लागायचं. शिवाय त्यांच्या चेहऱ्यावर श्रावण लागून पाच दिवस झालेत हे स्पष्ट दिसत होतं. सगळ्याच पंगतीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पाच दिवस दुधी, पडवळ आणि भेंडी खाल्लेली माणसं होती ती. गोळ्यांची आमटी वाढली गेली तेव्हा त्यांनी तिच्याकडे, लग्नात लांबच्या पाहुण्यांकडे बघतात तसं बघितलं.

शामरावांनी गोळा फोडला, भातात कालवला, घास तोंडात टाकला.

चावायचे थांबले.

मनमोहन खांबाला टेकून उभे होते. त्यांनी झब्ब्याचं वरचं बटण लावलं, काढलं, परत लावलं.

शामरावांनी डोळे मिटले. घास सावकाश, एखादी जुनी गोष्ट आठवावी तसा चघळला. मग डोळे न उघडताच वाटी पुढे केली.

"वाढ," ते म्हणाले.

मग पंगतीला कोणी आवरेना. एरवी आमटीत बोट बुडवून उठणारी माणसं भात संपवून परत भात मागायला लागली. एका बाईंनी डबा मागवला. नुसते भुरके ऐकू येत होते. ज्या टोपाकडे राजेश सकाळी संशयानं बघत होता त्याच्या तळाला पळी लागायला लागली.

"श्रावण असा जाणार असेल," शामराव शेवटी हात चाटत म्हणाले, "तर बारा महिने श्रावण असू दे."

राजेश धावत आला आणि मनमोहनांच्या पाया पडला. फळा राहणार होता. एवढंच नाही, तो खलबत्ता यापुढे आत ठेवायचाच नाही असं राजेशने जाहीर केलं. दोघांनी मिळून तो उचलला, दारात फळ्याच्या बरोबर खाली मांडला आणि नागोबाच्या पूजेतला उरलेला झेंडूचा हार त्याला घातला.

मनमोहन दुसऱ्या पंगतीला राजलक्ष्मीबाईंच्या शेजारी बसले. लालबागबद्दल त्यांचं मत बरंच सुधारलं होतं. पारख म्हणावी इतकी नाही, पण भूक तरी प्रामाणिक आहे, असं ते बायकोला सांगत होते. सांगता सांगता त्यांनी गोळा फोडला, सवयीनं डोळे मिटले आणि घास घेतला.

डोळे मिटून ओळखतो, ही त्यांची फुशारकी खरी होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती खरी ठरत होती. भांडं कुठलं ते कळलं. पाणी मुन्शिपाल्टीचं, तेही कळलं. आणि सकाळी वाफेत हललेलं ते गिरगावचं काय होतं, तेही कळलं. त्यांनी डोळे उघडून दाराकडे बघितलं. खलबत्ता हार घालून बसला होता.

शेवंतीबाई मीठ वाढत होत्या. मनमोहनांनी त्यांना जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, एरवी त्या खलबत्त्यात काय कुटता.

"सुको जवळो," शेवंतीबाई म्हणाल्या. "बारीक सुकी कोळंबी. चटणीक. सासूच्या टायमापासून." मग साहेबांचा चेहरा बघून पुढे म्हणाल्या, "पण मी धुतलंय. साबणान."

मनमोहनांच्या हातातला घास हातातच राहिला. समोर गल्ली तृप्त होऊन बडीशेप चघळत होती. दारावर फळा होता. तेवढ्यात शामराव बडीशेपेची चिमूट घेऊनच त्यांच्यापाशी आले.

"साहेब, एक सांगा. यात घातलंय काय?"

पंगत ऐकायला थांबली. राजेशही थांबला. मनमोहनांनी एकदा वाटीकडे बघितलं, एकदा दाराकडे.

"हात," ते म्हणाले. "आजीचा हात."

शामरावांनी मान डोलावली. गल्लीनं मान डोलावली. राजलक्ष्मीबाईंनी आपल्या वाटीतला गोळा चमच्यानं उचलून नाकाशी नेला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"म्हणजे हे राहून जात होतं होय माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं."

मग त्यांनी तो गोळा नवऱ्याच्या पानात ठेवला, बाकीचे गोळेही एकेक करून ठेवले आणि स्वतः दिंडावर तुपाची धार धरली.

मनमोहनांनी सगळे खाल्ले. मग वाढप्याला हाक मारून आणखी एक मागितला.

फळा उघडायला सगळे बाहेर आले. मनमोहन स्टुलावर चढले. सुतळीच्या गाठी ओल्या हवेत फुगून बसल्या होत्या, नखांना दाद देईनात. राजेश खालून म्हणाला, किल्ली द्या, कात्री काढतो.

"आजच्या दिवशी?" मनमोहन म्हणाले. "आमच्याकडे चालत नाही."

त्यांनी सुतळी दोन्ही हातांना गुंडाळली आणि ओढली. सुतळी तुटली नाही. भिंतीतले खिळे निघाले. शामराव बाजूला झाले. फळा खलबत्त्यावर पडला आणि दुभंगला, 'मनमोहन' एका बाजूला आणि 'पंगत' दुसऱ्या बाजूला. खलबत्त्याचा हार थोडा सरकला.