सुनेचं नाव

"पुढचं नाव, काका?"

घरावर बाँब पडला तेव्हा लालबाज काका पिठाच्या गिरणीवर गेले होते, म्हणून उरले. दोन मुलांची नावं त्यांनी घडाघडा सांगितली आणि बायकांपाशी येऊन गाडी अडली.

"घरातली माणसं. चौघी. लिही."

"असं चालत नाही हो! विमानवाले म्हणतात, घरात दोघे बंदूकवाले होते, दोघेच मेले. नाव नसेल तर माणूस नव्हतंच, असं धरतात ते."

नऊ वर्षं मी जलालाबादच्या कचेरीत बसून बाँबनं मेलेल्यांच्या अशा याद्या करतोय. आता आत काही हलत नाही. पण परक्यापुढे घरातल्या बाईचं नाव घ्यायचं नाही, या आमच्या रीतीचा मात्र संताप येतो. मेल्यावरसुद्धा आपली 'अमक्याची आई'!

काकांनी पागोट्याचं टोक तोंडावर ओढून बायकोचं नाव सांगितलं. मग दोन्ही लेकींची, चोरी कबूल केल्यासारखी.

"आणि सूनबाई?"

"तिला सूनबाईच म्हणायचो."

"अहो, पण नाव?"

"सहा वर्षं तिच्या हातचा चहा प्यायलो रे, सबावून. नाव ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होतं, ते सगळे घरातच होते." मग म्हणाले, "माझ्या आईचं लाव तिला. चांगलं नाव आहे."

"एक नाव खोटं निघालं तर सगळी यादी फेकतील. तिच्या माहेरी विचारा."

"मेलेल्या लेकीचं नाव बापाला विचारू? कुठल्या तोंडानं?"

तरी गेले. खिंडीपलीकडे, दोन दिवसांची वाट, पायी.

विमानवाल्यांकडे यादी पोचवायची मुदत गुरुवारची होती. संध्याकाळपर्यंत थांबलो आणि पाच जणांची यादी पाठवून दिली. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. घरी जाऊन जेवलो.

शनिवारी काका आले. चपला धुळीनं पांढऱ्या. बसायच्या आधीच म्हणाले, "शिनकै."

"बाप काय म्हणाला?"

"रडला. मग म्हणाला, सहा वर्षांत एकदाही विचारलं नाहीस?"

यादी गेल्याचं मी सांगितलं नाही. कचेरीतल्या प्रतीत खाली जागा होती. चांगलं पेन काढून नाव लिहिलं.

"वाच," काका म्हणाले. त्यांना अक्षर येत नाही.

"शिनकै."

दार उघडं होतं. बाहेर बाकावर चार परके पुरुष बसले होते.

"मोठ्यानं वाच," काका म्हणाले.