होडी एकदाच काढायची

प्राप्तीच्या डोक्यात एकच भूत शिरलं होतं: होडी एकदाच काढायची! ठाण्याच्या कोळीवाड्यासाठी ती नारळी पौर्णिमेचं ॲप बनवत होती. खाडीच्या नकाशावर घराघराची होडी. चित्र हाताने नाही, कोडमध्ये लिहून काढलेलं. एका जागी होडी लिहायची, तिला नाव द्यायचं; मग जिथे हवी तिथे नुसतं नाव घ्यायचं, होडी हजर. आहे की नाही जादू?

आज मंडळाचे गोमाजीकाका ॲप बघायला आले होते. त्यांनी मान डोलावली, तरच ते मिरवणुकीच्या मोठ्या पडद्यावर लागणार होतं.

काकांनी चष्मा चढवला. "काय गो पोरी, सगल्या होड्या हिरव्या? म्हंजे सगल्या माझ्याच?"

प्राप्तीने जीभ चावली. खिडकीतून रोज काकांचीच होडी दिसायची. तिने तीच बघून काढलेली, रंगासकट! इथे प्रत्येक घराचा रंग ठरलेला. आपली होडी दुसऱ्याच्या रंगात दिसली, तर पौर्णिमेला नारळाआधी डोकीच फुटायची.

"कॉपी-पेस्ट मार ना," चुलतभाऊ जयेश म्हणाला. "प्रत्येकाची वेगळी. विषय कट."

"आणि उद्या काही बदललं तर? तू बसणार एकेक दुरुस्त करत?"

आवडाबाईंच्या घराचा रंग लाल; तिने त्यांच्या होडीच्या नावापुढे 'लाल' लिहून बघितलं. होडी हिरवीच. ढिम्म! बाहेरून सांगितलेलं ही ऐकत का नाही? आत आधीच रंग सांगून ठेवलाय म्हणून? तिने ते 'लाल' खोडलं आणि मूळ होडीतला हिरवाही पुसून टाकला. रंगच न सांगितल्याने सगळ्या होड्या काळ्याकुट्ट!

"वाट लागली," जयेश खिदळला.

"थांब रे!" तिने आवडाबाईंच्या होडीपुढे पुन्हा 'लाल' लिहिलं. झाली लाल! शेजारच्या होडीला पिवळी म्हटलं, ती पिवळी! मुळात रंगाची जागा रिकामी सोडली, की जी ती आपला रंग घेते. प्राप्ती खुर्चीतच उडाली.

काकांचं समाधान कुठलं व्हायला? "बावटा केवढासा गो? सणाला मोठा लावतात."

प्राप्तीने मूळ होडीतला बावटा वाढवला. एका फटक्यात अख्ख्या खाडीतले बावटे मोठे झाले.

"लावा पडद्यावर," काका म्हणाले. मग हळूच, "माझा हिरवा तेवढा गडद कर."

तिने केला. बाकीच्या एकाही होडीचा रंग हलला नाही.